डुमसच्या पाण्यातला जोडीदार

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तेव्हाही नव्हतो, आजही नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळे अंगठा उठवणारे. सही करणारा मी पहिला, आणि बी.ए. होणारा तर आसपासच्या सगळ्या खेड्यांत पहिला. जळगावला कॉलेजात असताना मेहरूणला एका गोठ्याशेजारच्या खोलीत राहून शिकलो. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. पण अंगात येणं, उतारे टाकणं, भगताकडे जाणं हे सगळं मी लहानपणापासून जवळून पाहिलंय, आणि ते सोडून आलेला माणूस आहे मी. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते ‘भोळा माणूस’ म्हणून बाजूला सारू नका, एवढीच विनंती.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेकांत अमावास्या असते, वडाचं झाड असतं, नाहीतर एखादी पांढरी साडी. माझ्या हकिगतीत यातलं काही नाही. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि आजूबाजूला चड्डीतली पोरं ओरडत होती.

पंचावन्न सालचा डिसेंबर. मी धुळ्याला एका हायस्कुलात शिक्षक होतो आणि शाळेच्या स्काऊट पथकाचा प्रमुखही. त्या नाताळच्या सुट्टीत सुरतेच्या अलीकडे, तापी लाइनवरच्या एका स्टेशनजवळ, स्काऊटांचा मोठा आंतरराष्ट्रीय कॅम्प भरणार होता. देशोदेशीची पोरं येणार आणि आमच्या शाळेलाही बोलावणं आलेलं. माझ्या पोरांपैकी बहुतेकांनी तोवर आगगाडी फक्त नरडाण्याला बाहेरून पाहिलेली!

निघण्याआधी मी माझ्या थोरल्या बहिणीला भेटायला तिच्या सासरी गेलो. तिला आम्ही अक्का म्हणतो. आता अक्काची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अक्काचं सासर अमळनेर तालुक्यात, अगदी तापीच्या काठावर. तिचे यजमान पुंडलिकराव, म्हणजे माझे दाजी. दाजी उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात डांगरवाडी लावायचे... डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या दाजींच्या वाडीवरच्या खोपीत गेल्या. पोहायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांची एक ठाम रीत होती — पाण्यात कोणाचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं. ओला पंजा निसटतो. मनगट धरायचं, आणि अंगठा आतल्या बाजूला, नाडीवर दाबून ठेवायचा. आमच्या बाजूची तापीकाठची सगळी माणसं असंच धरतात, पण दाजींचा अंगठा असा काही रुतायचा की संध्याकाळपर्यंत वळ जायचा नाही.

त्रेचाळीसच्या पावसाळ्यात दाजींचं त्यांच्या मोठ्या भावाशी वाडीच्या वाट्यावरून भांडण झालं. मोठ्या भावाला आम्ही सगळे आबा म्हणायचो. दाजी जेवणाच्या ताटावरून उठले आणि जे गेले ते गेले. कोणी म्हणालं, पुराच्या पाण्यात उतरताना पाहिलं. कोणी म्हणालं, अमळनेर स्टेशनात पाहिलं. प्रेत मिळालं नाही, निरोप आला नाही. तापी सुरतेला जाते आणि तापी लाइनही सुरतेलाच जाते, त्यामुळे दोन्हींतलं काहीही खरं धरलं तरी लोक बोट सुरतेकडेच दाखवायचे.

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि बायकोचं कुंकू पुसतात. पुढे येणाऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर, सांजोऱ्या, आंबे ठेवतात. खान्देशात पितरांना पाणी मिळतं ते त्या दिवशी. बारा वर्षं त्या पावसाळ्यात पुरी झाली होती. आबांनी ठरवून टाकलं होतं की चैत्रात पुतळा आणि आखाजीला घागर.

आबा वाईट माणूस नव्हते हे इथे सांगायला हवं. ते अक्काला कधी उणंदुणं बोलले नाहीत, तिच्या वाट्याचं धान्य तिच्या घरात न मागता यायचं. पण त्यांच्या सुनेची दोन मुलं पाठोपाठ गेली होती आणि त्यांच्या मनाने घेतलं होतं की भाऊ तहानलेला आहे. त्याला पाणी पोचत नाही तोवर घरात पाळणा टिकणार नाही.

अक्काचं म्हणणं एकच... माणूस जिवंत आहे.

मी गेलो तेव्हा ती कापूस वेचून आली होती, ओटीतला कापूस ओतत होती. घरात आम्ही अहिराणी बोलतो. माझं बोलणं मी इथे पुस्तकी करून लिहितोय, तिचं तसंच ठेवतो.

“सुरतले जाशी ना रे भाऊ?”

“कॅम्पला चाललोय. सुरतेला एक दिवस नेतील, तेवढंच.”

“मंग तठे जरा दखजो.”

“कुठे बघू त्यांना, अक्का? सुरत म्हणजे काय अमळनेरचा बाजार आहे? लाखो माणसं राहतात तिथे.”

“दखाले काय लागस?” ती म्हणाली. “डोया शेतस ना तुले? बी.ए. ना डोया!”

मी हसलो. ती हसली नाही. “चैत्र यी ऱ्हायना भाऊ,” एवढंच म्हणाली. चैत्र येतोय, पुतळ्याचा.

कॅम्पचं वर्णन करत बसत नाही. तंबू, झेंडे, शेकोट्या, नाना रंगांचे स्कार्फ. आम्ही भाकरी थापून दाखवल्या, तर सिलोनच्या पोरांनी आमच्याहून गोल थापल्या. एक दिवस फक्त सहलीचा होता. प्रत्येक भारतीय पथकाने एका परदेशी पथकाला सोबत घेऊन सुरत दाखवायची अशी व्यवस्था होती. आमच्या वाट्याला डेन्मार्कचं पथक आलं. त्यांचे प्रमुख येन्सेन नावाचे, माझ्यासारखेच शाळामास्तर, वयाने मोठे, कोणत्याशा बंदराच्या गावचे. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं, आणि हे ध्यानात आल्यावर मला बरं वाटलं होतं हे कबूल करतो.

सकाळी सुरत पाहिली. किल्ला, चौक, जरीची दुकानं. पोरांनी घारी, म्हणजे तिथली माव्याची मिठाई, खाल्ली आणि हात चड्डीला पुसले. मी अक्काच्या सांगण्यावरून चेहरे बघत हिंडलो का? नाही. खरंच नाही. मला पोरं मोजायची होती. शिवाय बारा वर्षांनी एखादा माणूस रस्त्यात सापडतो हे मला तेव्हा पटणारं नव्हतं.

दुपारी बसने डुमसला गेलो. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळसर रेती, पाणी मातकट, आणि नजर संपेपर्यंत पलीकडचा काठच नाही. माझ्या पथकातला हिरामण नावाचा शिरपूरकडचा एक पोरगा म्हणाला, “सर, दुसरा काठ कथा गया?” आणि सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न माझ्याही मनात तोच होता.

येन्सेननी पोहण्याचा नियम सांगितला. स्काऊटांत तो सगळीकडे सारखाच आहे. पाण्यात जायचं ते जोडीने. शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. काठावरचा माणूस जोड्या मोजतो. ज्याचा हात एकटा, त्याची जोडी हरवली. जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं नाही आणि जोडीदाराशिवाय बाहेरही यायचं नाही. येन्सेन स्वतः काठावर उभे राहिले. आमची पोरं आणि त्यांची पोरं मिळून जोड्या लागल्या आणि मी एकटा उरलो.

“तुम्हाला जोडी नाही,” येन्सेन म्हणाले. “तुम्ही पाण्यात नाही.”

मी म्हणालो, मी तापीच्या पुरात पोहलेला माणूस आहे. तापी म्हणजे काय हे त्यांना कळलं नसावं. शेवटी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहायची परवानगी मिळाली. मी तसा उभा राहिलो तर हिरामण आतून ओरडला,

“सर, इतल्या पानीमा तं आमनी म्हैस बी बसस!”

डॅनिश पोरांना शब्द कळले नाहीत, पण ती आमच्या पोरांच्या बरोबरीने हसली. मी आत गेलो. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पाणी गार होतं, पण अंगाला बरं वाटत होतं. मग मी पाय उचलले.

इथे माझ्याकडून एक गोष्ट झाली, जी नदीकाठच्या माणसाकडूनच होईल. आम्हाला पाण्याखाली डोळे उघडे ठेवायची सवय. तापीत खालचे गोटे बघत पोहतात. मी बुडी मारली आणि सवयीने डोळे उघडले. मिरचीची पूड टाकावी तसं झालं! वर आलो तर काही दिसेना. नुसता पांढरा उजेड. डोळे चोळले तर हातालाही मीठच.

तेवढ्यात पाणी मला ओढायला लागलं. आता पुरात ओढ कशी असते हे मला माहीत होतं. पण नदी बाजूने ओढते हो, काठाला धरून ओढते. काठापासून लांब ओढणारं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोरांचा आवाज जिकडून येत होता तिकडे सरळ तोंड करून मी जीव खाऊन हात मारले... आणि आवाज लांबच चालला. घशात खारं पाणी गेलं. खरं सांगतो, त्या वेळी भीतीपेक्षा मला रागच आला होता.

आणि शिट्टी वाजली.

सवयीने माझा उजवा हात वर गेला. तो वर जातोय तोच कोणीतरी माझं मनगट धरलं.

पंजा नव्हे, मनगट. अंगठा आतल्या बाजूला, नाडीवर.

मला वाटलं एखादा मोठा डॅनिश पोरगा असेल. मी इंग्रजीत काहीतरी ओरडलो. उत्तर आलं नाही. आमचे हात तसेच वर होते. मग ती पकड मला ओढायला लागली... काठाकडे नव्हे, तर आडवी. काठ एका बाजूला ठेवून, बैलगाडी बांधाच्या कडेने न्यावी तशी. मी उलट जोर केला तर अंगठा आणखी रुतला. मी अंग सैल सोडलं. थोडं पुढे गेल्यावर ओढ कमी झाली, पाण्याचा थंडावा बदलला, आणि मग आम्ही काठाकडे वळलो. पायाला रेती लागली. पकड सुटली. मी चार पायांवर रांगत बाहेर आलो आणि पालथा पडून खोकत राहिलो.

येन्सेन धावत आले. मला वाटलं विचारपूस करतील. त्यांनी माझे खांदे धरून मला बसतं केलं आणि विचारलं, “तुमचा जोडीदार कुठे आहे?”

“कोणता जोडीदार?”

“तुमच्याबरोबर होता तो! शिट्टीला तुमचे दोघांचे हात वर होते. मी मोजले. तुम्ही बाहेर आलात. तो नाही आला.”

आमची पोरं मोजली. सगळी होती. त्यांची मोजली. तीही सगळी होती. मी म्हणालो, बघा, कोणी कमी नाही. येन्सेन म्हणाले, एक कमी आहे. मी पाहिलाय. आणि त्यांनी शिट्टीवर शिट्टी वाजवून सगळ्यांना काठावर बसवलं, पळत जाऊन माछी लोकांची, म्हणजे तिथल्या कोळ्यांची, होडी पाण्यात घालायला लावली. जो माणूस आमच्यापैकी कोणी नव्हता, त्याचा शोध सुरू झाला.

आमची पोरं म्हणाली, आम्हाला वाटलं तो त्यांच्यातला. डॅनिश पोरं म्हणाली, आम्हाला वाटलं तुमच्यातला. नीट पाहिलं कोणीच नव्हतं. माछी वस्तीत विचारून आलो तर तिथला म्हातारा म्हणाला, “अमारो कोई माणस ओछो नथी.” आमचा कोणी कमी नाही. आणि साहेबांना ऊन लागलंय का, असं खुणेने विचारलं.

ओहोटीने पाणी लांब गेलं, होडी परत आली, तरी येन्सेन काठावरून हलायला तयार नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, “तुम्ही नक्की काय पाहिलंत?”

त्यांनी अडखळत, शब्द शोधत सांगितलं. माणूस मोठा, मिशीवाला. कानाच्या वरच्या कडेला सोन्याची छोटी कडी. आणि डोक्याला फडकं होतं... कसं ते त्यांना सांगता येईना, म्हणून स्वतःचा स्कार्फ काढून डोक्यावरून घेतला, हनुवटीखालून आणला, आणि गाठ एका कानामागे मारली.

डांगरवाडीची माणसं भरल्या पाण्यातून पलीकडे जाताना फडकं असं बांधतात, वाहून जाऊ नये म्हणून. दाजींच्या कानाच्या वरच्या कडेला बाळी होती. या माणसाला मी दाजींबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कशाला होतो?

येन्सेन समुद्राकडे बघत म्हणाले, “आमच्या गावात जे समुद्रातच राहून जातात, परत येत नाहीत, त्यांची नावं देवळाच्या भिंतीवर लिहितात. याचं नाव काय असेल?”

“पुंडलिक,” मी म्हणालो.

ते का म्हणालो, कोण जाणे! तोंडातून गेलं. येन्सेननी मान हलवली, जणू मी त्यांना एवढा वेळ लपवलेली गोष्ट आता सांगितली होती. कॅम्पवर परत गेल्यावर वरिष्ठांनी आम्हा दोघांना बोलावलं, पोरांची संख्या पुन्हा तपासली, पोलिसांनाही कळवलं. कोणी हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. विषय तिथे मिटला.

संक्रांतीला मी अक्काकडे गेलो. सांगावं की नाही, हे गाडीत बसेपर्यंत ठरत नव्हतं. सांगितलं तर लोक दोन अर्थ काढणार, कोणी जिवंत तर कोणी मेलेला म्हणणार, हे मला दिसत होतं. पाण्यातून येऊन पाण्यातच गेलेला माणूस म्हटल्यावर तो मेलेलाच, असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. तसं झालं तर अक्काचं कुंकू माझ्या तोंडाने पुसलं जाणार होतं. पण न सांगावं तर चैत्रात ते पुसलं जाणारच होतं.

ती हळदीकुंकवाला निघाली होती. कपाळावर मोठं कुंकू, हातात वाणाचं सूप. गल्लीतल्या बाया तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मला कळत होती. ही हिची शेवटची संक्रांत.

मी सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. शेवटी तिने विचारलं,

“हात गरम व्हता का थंडा?”

हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. मी आठवून पाहिलं.

“गरम होता.”

“आनि पानी?”

“पाणी गार होतं.”

तिने सूप उचललं. “चाल, बाजू सरक. माले हळदीकुंकूले उशीर व्हई ऱ्हायना.”

होळीनंतर आबांच्या ओट्यावर भाऊबंदांची बैठक बसली. गावचे भटजी — आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो — पुतळ्याचा दिवस काढायला आले होते. मलाही बोलावलं होतं. अक्का दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी.

आबांनीच विषय काढला. “मास्तर, तुमनी गोष्ट गावभर व्हयनी. आते बठ्ठासना समोर सांगा.”

मी सगळ्यांसमोर सांगितली. सांगून झाल्यावर आबांनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाले, “गोरा साहेबनी सोता सांगं, मानूस पानीमाच ऱ्हाई गया. मंग आते काय बाकी शे? गुरुजी, दिन काढा.”

तेव्हा अक्का आतून बोलली. सासरच्या ओट्यावर, भाऊबंदांसमोर, माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

“गुरुजी, बारा वरीस कोठून धरतस?”

गुरुजी म्हणाले, “माणसाची शेवटची खबर लागली त्या दिवसापासून.”

“खबर जित्या मानसनी का मेल्या मानसनी?”

“जिवंत माणसाची. अर्थातच.”

“मंग त्या साहेबनी काय दखं? जिता दखा का मेला दखा?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, साहेबाने त्याला बुडताना पाहिलं का?”

“नाही. हात वर केलेला पाहिला. नंतर दिसला नाही एवढंच.”

“प्रेत?”

“नाही.”

“आणि तुम्ही? तो हात तुमच्या दाजींचाच होता, असं तुम्ही म्हणता?”

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘हो’ म्हणालो असतो तर काम फत्ते होतं. गावात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते मी कमावलेलं होतं. पण जे मला माहीत नाही ते मी कसं म्हणू? आणि दाराआड अक्का उभी होती, तिच्यासाठी ‘नाही’ तरी कसं म्हणू?

“पकड त्यांची होती,” मी म्हणालो. “माणूस कोण होता ते मला माहीत नाही. मी पाहिलेला नाही.”

गुरुजींनी पंचांग मिटलं. ते म्हणाले, शंका आहे तिथे अग्नी देता येत नाही. जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर ते पाप कोणी घ्यायचं? खबर नवी धरावी लागेल. बारा वर्षं पुन्हा.

आबांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. एखाद्याने डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावावा आणि मधेच सोडून द्यावं, तसा तो चेहरा झाला होता.

“आखो बारा वरीस?” ते दाराकडे बघून म्हणाले. “मी काय करू तवलोंग?”

“वाट दखा, आबा,” अक्का म्हणाली. “मी दखस ना, तशी.”

त्या आखाजीला दाजींची घागर भरली गेली नाही. त्यानंतरच्याही नाही.

नंतर मी माझ्या परीने पुष्कळ विचार केला. डुमसच्या बाजूला खान्देशातून मजुरीला गेलेली माणसं असतील, त्यातला एखादा तापीकाठचा असेल. त्याने मला ओढलं, आणि तो दुसरीकडून बाहेर पडून आपल्या वाटेने गेला असेल. हे पटण्यासारखं आहे. फक्त ती सगळी ओली रेती मोकळी होती आणि येन्सेनची नजर तिच्यावरून हलली नव्हती. पुढे दोन वेळा सुट्टीत मी सुरतेला गेलो. गिरण्यांत, वखारीत, खान्देशी मजुरांच्या चाळीत दाजींचं नाव घेऊन विचारलं. काही लागलं नाही. येन्सेनना ऊन लागलं असेल म्हणावं, तर ते फडकं? माझ्या मनाचा खेळ म्हणावं, तर तो काय येन्सेनच्या डोळ्यांना दिसला? कुठूनही धरलं तरी एक टोक हातात येतं आणि दुसरं सुटतं.

मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन सुरत गुजरातेत गेली, त्या साली पावसाळ्यात अक्का विषमज्वराने गेली. आजारात ती दाजींचं नाव काढत नव्हती, कापसाची निंदणी राहिली म्हणत होती. मी धुळ्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळ कुंकवाने भरलेलं. सवाष्ण म्हणून तिला नेलं. गावात कोणाची काही बोलायची छाती झाली नाही, कारण ते लुगडं आबांनी स्वतः अमळनेरहून आणलं होतं.

नदीवरून परतताना आबा माझ्या बरोबरीने चालत होते. ते फार थकले होते तोवर. सुनेला मधल्या काळात मुलगा झाला होता आणि तो टिकला होता, त्यामुळे तहानलेल्या भावाची गोष्ट त्यांनी बोलणं सोडलं होतं. गावाची शीव आली तेव्हा ते थांबले.

“मास्तर, एक खरं सांगशात? ती गोष्ट तुम्ही अक्कासाठी रची ना?”

“नाही आबा. रचली नाही.”

ते मान खाली घालून चालायला लागले.

“रचेल ऱ्हाती तं बरं व्हतं,” ते म्हणाले. “त्यानी घागर भरतू, मंग मी निवांत मरतू.”